शांततेत दाबलेलं बटण

बटण मूळचं लाल असावं. आता ते कडेकडेनं तेवढं लाल राहिलं होतं आणि मधोमध, जिथे अंगठा टेकतो, तिथे झिजून पांढुरकं पडलं होतं — इतक्या लोकांनी इतक्या वेळा ‘हो, ऐकू आलं’ म्हणून ते दाबलेलं. आणि त्यातल्या किती जणांना खरंच ऐकू आलं होतं, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? तिनं ओल्या कापसानं ते पुसलं, त्याच्या वायरचा गुंता सोडवला, आणि खुर्चीच्या हातावर ठेवून ती केबिनच्या बाहेर आली.

केबिन म्हणजे एका माणसापुरती खोली. भिंतींना आतून जाड करडा स्पंज, एक जड दार, एक दुहेरी काच. काचेच्या आत कान तपासून घेणारा, बाहेर ती आणि तिचं यंत्र. ती सूर सोडते. आधी ठसठशीत, मग बारीक, मग आणखी बारीक... ऐकू आला की आतल्या माणसानं बटण दाबायचं, म्हणजे तिच्यासमोर यंत्रावर दिवा लागतो. काम एवढंच. पण माणसं भारी लबाड असतात, आणि त्याहून जास्त भाबडी. ज्याला गाडी चालवायचा परवाना हवा असतो तो सूर असो-नसो दाबत सुटतो. एक आजी तर भिडेखातर दाबायच्या — तू एवढी मन लावून वाजवतेस, मग नाही कसं म्हणू गं? म्हणून तिची एक ठरलेली युक्ती होती. मध्येच सूर बंद करायचा. बोटं यंत्रावर तशीच, चेहरा तसाच, आणि आत काहीच सोडायचं नाही. ज्याला खरं सांगायचं असतं तो तेव्हा गप्प बसतो. बाकीचे दाबतात.

आज चर्चचे पाळकसाहेब येणार होते.

त्यांना कमी ऐकू येतं हे सगळ्या मंडळीला माहीत होतं आणि सगळ्या मंडळीनं त्यावर पांघरूण घातलं होतं. गाणं संपलं तरी ते उभेच राहायचे. मग पहिल्या बाकावरून पाळकीणबाई हातानं खूण करायच्या, आणि ते हसून प्रार्थनेला सुरुवात करायचे. शेवटी पाळकीणबाईंनीच तिला गाठलं. “तूच बघ गं बाई त्यांचे कान. दुसऱ्या कुणाकडे जायचं नाव काढत नाहीत.” आणि का कोण जाणे, तिला नाही म्हणावंसं वाटलं होतं.

का कोण जाणे? चांगलं ठाऊक होतं तिला.

येत्या रविवारी दृढीकरण होतं. तान्हेपणी ज्यांचा बाप्तिस्मा झाला ती मुलं आता मोठी होऊन सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडानं आपला विश्वास सांगणार होती, आणि त्याआधी कुणीतरी मोठ्या माणसानं उभं राहून त्यांना साक्ष द्यायची होती — देव माझ्यावर प्रेम करतो याची मला खात्री कशी पटली. पाळकसाहेबांनी तिला सांगितलं होतं. “तुझ्याइतकं चांगलं कोण सांगणार?” ती नाही म्हणाली नव्हती. त्या मुलांच्या रांगेत तिची लेक असायला हवी होती. रविवारच्या शाळेत लेकीच्या शेजारी बसून तिचे खडू पळवणारी ती दातपडकी पोरगी आता आईएवढी उंच झाली होती, आणि परवा दारात भेटली तेव्हा तिनं हिला लाजत विचारलं होतं, “काकू, तुम्हाला आतून कळतं का हो? मला तर काहीच कळत नाही.” ती म्हणाली होती, “रविवारी सांगते हं.” रविवारी! काय सांगणार होती ती?

कारण तिला स्वतःला कधी काही ऐकू आलं नव्हतं. एक अक्षर नाही. लेक तापानं फणफणली तेव्हा नाही, दवाखान्यातल्या त्या हिरव्या पडद्यामागे नाही, नंतर मातीच्या ढिगाऱ्यापाशी नाही. भावनेवर जाऊ नका, पाळकसाहेब व्यासपीठावरून सांगायचे, भावना आज आहे उद्या नाही. देवाच्या शब्दावर विसंबा, आधी विश्वास धरा, खात्री मागून येते. ती मान डोलवायची. मान डोलवायला काय लागतं? शेजारी नवरा डोळे मिटून गायचा, आणि त्याच्या मिटलेल्या पापण्यांचासुद्धा तिला हेवा वाटायचा. त्यालाही ते दुःख होतंच की... पण त्याला कुणीतरी उत्तर देत होतं. निदान तसं दिसत होतं. आणि ती तिथे बसून, घरी गॅस बंद केला होता की नाही, ते आठवत असायची.

तिच्याजवळ जे होतं ते पाळकसाहेबांचं होतं. लेकीला पोहोचवून आल्यावर, माणसं पांगल्यावर, ते तिच्यामागून स्वयंपाकघरात आले होते. ती ओट्याशी उभी राहून लेकीचा पेला विसळत होती, तोच तो, पुन्हा पुन्हा; आणि ते म्हणाले होते, “मुली, मी आत्ता प्रार्थनेत होतो. मला ऐकू आलं. अगदी स्पष्ट. तो म्हणाला, लेकरू माझ्यापाशी आहे, आणि त्याच्या आईवर माझं प्रेम आहे.” तिनं नळ बंद केला होता. त्या एका वाक्यावर ती आजवर तगली. तिला ऐकू येत नसलं म्हणून काय झालं, ज्याला येतं त्याला तर आलं होतं! तिनं ते वाक्य मंडळीत उभं राहून सांगितलं, बायकांच्या सभेत सांगितलं, आणि प्रत्येक वेळी लोकांनी डोळे पुसले. दुसऱ्याच्या कानानं ऐकलेलं. पण पुरत होतं.

पाळकसाहेब आले ते कोट-टोपी घालून, एखाद्या लग्नाला आल्यासारखे. पाळकीणबाई बाहेर बाकावर टेकल्या. तिनं त्यांना खुर्चीत बसवलं, पांढऱ्या केसांवरून हेडफोन नीट केले, बटण हातात दिलं, आणि तोंड जवळ नेऊन ओरडून सांगितलं, “कितीही बारीक आवाज आला तरी दाबायचं! नाही आला तर नाही दाबायचं!”

“कळलं, कळलं,” ते म्हणाले. “बहिरा आहे, खुळा नाही.”

जड दार लागलं. सुरुवातीचे सूर त्यांनी टिपले. मग ती आवाज कमी कमी करत गेली, आणि दिवा लागतच राहिला. जिथे त्यांच्या वयाच्या माणसाला काही ऐकू येणं शक्य नव्हतं, तिथेही लागला. तिनं मान वर करून पाहिलं. ते डोळे मिटून, मान किंचित कलती करून बसले होते, प्रार्थनेत बसायचे तसेच, हुबेहूब. चेहऱ्यावर तीच शांती, जिच्याकडे बघून ती दर रविवारी मनातल्या मनात जळायची.

तिनं सूर बंद केला.

काहीच सोडलं नाही तिनं. बोटं यंत्रावर तशीच ठेवली आणि ती डोळ्यांत तेल घालून त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिली. नका दाबू. पाळकसाहेब, तुमच्या पाया पडते, एवढं एकदा गप्प बसा...

दिवा लागला. थोड्या वेळानं पुन्हा लागला. सावकाश, समाधानानं, अगदी नेमानं लागत राहिला.

ती दार उघडून आत गेली आणि तिनं त्यांच्या कानांवरून हेडफोन जवळजवळ ओढूनच काढले.

“मी काही वाजवत नव्हते!”

“अं?”

“वाजवत नव्हते मी! तुम्ही कशावर दाबत होता?”

ते ओशाळून हसले. “हो का? मला वाटलं, तू वाजवते आहेस आणि मलाच येत नाहीये. डोळे मिटण्याआधी तू समोर बसलेली दिसली होतीस ना. म्हटलं, ही काही उगाच बसायची नाही. म्हणून दाबलं.”

 आणि मग जे इतकी वर्षं ओठांवर येऊ दिलं नव्हतं तेच आलं, आणि तेही ओरडून विचारावं लागलं, कारण समोरचा माणूस बहिरा होता. आयुष्यात विचारायचा एकच प्रश्न, आणि तो बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं!

“माझ्या स्वयंपाकघरात! माझी लेक गेली तेव्हा! तुम्हाला खरंच ऐकू आलं होतं का?”

त्यांना हे मात्र पहिल्या झटक्यात ऐकू आलं. ते हातातल्या बटणाकडे बघत राहिले. बाहेर पाळकीणबाईंचा खोकला मध्येच थांबला.

“तुझ्याकडे बघवत नव्हतं गं,” ते म्हणाले. “तो पेला... किती वेळ विसळत होतीस तू तो. आणि मला ठाऊक होतं, तो हेच म्हणणार. दुसरं काय म्हणेल तो?”

“म्हणजे खोटं बोललात.”

“काय?”

“खोटं बोललात!”

“नाही,” ते म्हणाले. त्यांनी विचार केला, प्रामाणिकपणे केला, हे तिला दिसलं आणि त्याचाच तिला जास्त राग आला. “खोटं नव्हतं ते. ऐकू आलं नव्हतं, एवढंच.”

मग ते उठले, टोपी घातली, तिच्या डोक्यावर हात ठेवला — नेहमीचाच हात, आणि तो झटकून टाकावासा वाटूनही ती तशीच उभी राहिली. “रविवारी ये हं. मुलं वाट बघतायत.” दारातून पाळकीणबाई तिच्याकडे न बघता त्यांचा दंड धरून त्यांना घेऊन गेल्या.

जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन गेले आणि ती केबिनमध्ये जाऊन बसली. दार ओढून घेतलं. इतक्या वर्षांत आतल्या खुर्चीत ती कधी बसली नव्हती. हेडफोन घातले, आणि शांतता इतकी जवळ आली की स्वतःचं रक्त ऐकू यायला लागलं. काचेपलीकडे तिची रिकामी खुर्ची, पाठीवर अडकवलेला स्वेटर, यंत्र. कुणी नाही. हे मला ठाऊक आहे, कुणी नाही तिथे, मी स्वतःच तर ती खुर्ची मागे सारून उठले आहे...

आणि तरी मघाचं एक काही केल्या डोक्यातून जाईना. सूर बंद केला तेव्हा ती उठून गेली नव्हती. कधीच जात नाही. सूर चालू असताना ती कागदावर खुणा करते, घड्याळ बघते, भाजी काय करायची ते ठरवते. पण बंद केला की पापणी न लववता आतल्या माणसाकडे बघते. तेवढं ती एरवी कुणाकडेच बघत नाही. हा विचार तिला नको होता. हा तर असला विचार, जो पाळकसाहेब रविवारी हात उंचावून सांगतील आणि बायका माना डोलवतील. फुकटचा, गोड, आणि एका पोरीच्या जिवावर उभा केलेला! बघत होतास, देवा? पापणी न लववता? हिरव्या पडद्यामागे माझी लेक पाणी मागत होती तेव्हा सूर बंद करून नुसता बघत बसला होतास, मी दाबते की नाही ते?

बाहेर यंत्रावर दिवा लागला होता. तिनं चमकून खाली पाहिलं. अंगठा बटणावर होता, नख पांढरं पडेपर्यंत रुतलेला. कधी दाबला तिनं? कशावर? काहीच वाजलेलं नव्हतं. तिनं अंगठा उचलायला हवा होता. पण तिला इतका राग आला होता की उचलवेना... इतक्या वर्षांत ती रडली होती, गप्प राहिली होती, सगळ्यांसमोर गोड बोलली होती. रागावली मात्र कधी नव्हती. आणि आता रागावली होती ती पाळकसाहेबांवर नव्हे, त्यांना तर तिनं मघाशीच जिन्यापर्यंत नजरेनं पोहोचवलं होतं. ती त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती, आणि रिकाम्या खुर्चीवर असं रागावता येत नाही, त्यासाठी तिथे कुणीतरी असावं लागतं, हे तिच्या ध्यानात आलं.