आईवर गेलेली

हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणाऱ्या मावशींना आपल्या चेहऱ्याबद्दल बावन्न वर्षांत कधी काही वाटलं नव्हतं. सकाळी तोंड धुवायचं आणि कामाला लागायचं, एवढाच त्यांचा नि चेहऱ्याचा संबंध. नाक पसरट, हनुवटी नावापुरती, हसल्या की वरच्या हिरड्या दिसायच्या. आणि हसायच्या तर त्या ऊठसूट. त्यांची एकुलती एक लेक चिमी हुबेहूब त्यांच्यावर गेली होती. जन्मली तेव्हा नर्स म्हणाली होती, "बाई, ही हरवली तरी काळजी नको. ज्याला सापडेल तो थेट तुमच्याकडेच आणून सोडेल." तेव्हा टाके दुखेपर्यंत मावशी हसल्या होत्या.

चिमी मोठी झाली, मेकअपच्या दुकानात काउंटरवर उभी राहू लागली आणि तिथंच तिला व्हिडिओंचा नाद लागला. आधी लिपस्टिक कशी लावावी, मग पसरट नाक बारीक कसं दाखवावं. खिडकीत फोन उभा करून ती तासन्‌तास बसे. मोरीत भांडं वाजलं की ओरडे, "आई, आवाज नको गं!" मावशी नळ बारीक सोडून, हलक्या हातानं भांडी घासत. पोरगी खुशीत आहे ना, मग झालं तर.

चोविसाव्या वर्षी चिमीनं नाकाचं आणि हनुवटीचं ऑपरेशन करून घेतलं. पंधरा दिवस मावशी तिच्या उशाशी बसून होत्या. पट्ट्या निघाल्या तेव्हा चिमी आरशासमोर आनंदानं रडली. मावशीही रडल्या, कशासाठी, ते त्यांचं त्यांनाच नीट कळलं नाही. "छान दिसतेस," त्या म्हणाल्या, आणि ते खरंही होतं. फक्त ती गल्लीत शिरली की लांबून ओळखू येईना.

मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या घड्या घालणारी पोरगी फोन घेऊन धावत आली. "मावशी, चिमीचा व्हिडिओ! दोन लाख लोकांनी पाहिलाय!" सगळ्याजणी डबे सोडून भोवती जमल्या.

पडद्यावर चिमीचा जुना फोटो आला. वरून तिचा आवाज, "हे थोबाड घेऊन मी चोवीस वर्षं जगले. आरशात पाहिलं की किळस यायची स्वतःची."

 ते थोबाड समोरच डबा मांडीवर घेऊन बसलं होतं. घडीवालीनं फोन घाईघाईनं पदराआड केला. "अहो मावशी, लोकांनी बघावं म्हणून बोलतात असं काहीबाही."

"हो तर," मावशी म्हणाल्या.  त्यांनी अर्ध्या भरल्या डब्याला झाकण लावून टाकलं.

संध्याकाळी चिमी नाचतच घरात शिरली. "आई, पाहिलास?"

"पाहिला."

"मग? कसा झालाय?"

"आवाज स्वच्छ आलाय."

चिमीनं आईकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. "आई, अगं, मी तुझ्याबद्दल नव्हते बोलत! तुझी गोष्ट वेगळी. या वयात तुला कोण बघायला बसलंय?"

ती समजूत घालायलाच बोलली होती, हे मावशींना कळलं. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि ताटं घेतली.

पण त्यानंतर हसताना त्यांचा हात आपसूक तोंडावर जाऊ लागला. "नवी नवरी झालात की काय!" मुकादमीण चिडवायची. त्यावरही त्या हाताआडूनच हसायच्या. एकदा लिफ्टमध्ये एकट्याच असताना त्यांनी आरशात पाहून नाक दोन बोटांत दाबून धरलं. मजला आला तशी बोटं काढली आणि चादरींची गाडी ढकलत बाहेर पडल्या.

पुढच्या वर्षी चिमीनं नोंदणी कार्यालयात लग्न केलं. सह्या झाल्या, जावयानं फोन काढला. "चला, घरच्यांचा एक फोटो होऊन जाऊ दे."

"आई, ये ना, इथं माझ्याजवळ." चिमीनं हात पुढे केला; अगदी मनापासून.

"अगं, पण कुणीतरी काढायला नको का?" मावशींनी जावयाच्या हातातून फोन घेतलाही. "जा तुम्ही, उभे राहा. सरका जरा जवळ."

चिमी क्षणभर तशीच हात पुढे धरून उभी राहिली, मग तिनं तो नवऱ्याच्या दंडात अडकवला. मावशींनी दोन फोटो काढले, एखादा हलला असला तर दुसरा असावा म्हणून.