तेलाच्या डब्याखालची चिठ्ठी

मी बोलतेय. तळहाताएवढी, चार घड्या पडलेली, कोपऱ्यात तेलाचा गोल डाग असलेली चिठ्ठी. जन्म पोलीस ठाण्यातला, म्हणून लगेच नाक मुरडू नका. माझ्यावर एवढंच लिहिलंय : मुलगी, वय एकोणीस, रस्ता अडवल्याबद्दल अटक, त्याच संध्याकाळी सुटका, खटला नाही; खाली तारीख आणि शिक्का.

वसतिगृहात आठवडाभर पाणी नव्हतं. मुली बादल्या घेऊन रस्त्यावर बसल्या, माझ्यावर नोंदलेली ही मुलगी सगळ्यांत पुढे. मला लिहिता लिहिता हवालदारानं विचारलं, "बादली तुझीच का?"

"माझीच. रिकामी आहे, बघा हवं तर!"

तो हसला. शिक्का मात्र जोरात मारला.

घरी आईनं मला स्वयंपाकघराच्या फळीवर वर्तमानपत्राखाली सरकवलं आणि वर तेलाचा डबा ठेवला. सहा वर्षं! वर्तमानपत्रं बदलली, मी तिथेच. मला वाटलं, विसरले सगळे. लाज लपवायला माणसांना जागा चटकन सापडते, नंतर तीच आठवत नाही.

मग ही विमानतळावरच्या रडार दुरुस्तीच्या नोकरीची परीक्षा पास झाली. उरली सुरक्षा तपासणी. अर्जात प्रश्न होता : 'कधीही अटक झाली आहे का? खटला झाला नसला तरी लिहावे, कागद जोडावा.'

"'नाही' लिही," बाबा म्हणाले. "सुटलीस म्हणजे झालीच नव्हती."

"सुटले म्हणजे आधी अडकले होते ना, बाबा!"

"ठाण्यात जुनी वहीच सापडत नाही म्हणतात. मग तुला कोण विचारतंय? आम्ही चार पावसाळे जास्त पाहिलेत."

"मग छत्री वापरा की! खोट्याचा आडोसा कशाला?"

"नोकरी गेली म्हणजे कळेल."

"जाऊ दे. पण तारीख कुठून आणू? कागद कुठून आणू?"

आई फळीकडे गेली. तिनं डबा उचलला.

"तू ठेवलीस ही?" मुलगी बघतच राहिली.

"फाडायला घेतली होती. हात धजला नाही. पाण्यासाठी बसली होतीस, चोरी करून नव्हे."

अर्जावर 'होय' लिहिलं गेलं आणि मला टाचणी लागली. टोचली, पण इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

तपासणीच्या बाईंनी मला उलटसुलट पाहिलं. "हा डाग कसला?"

"तेलाचा. सहा वर्षं डब्याखाली होती."

"आमच्याकडे तर नोंदच आली नाही. 'नाही' लिहिलं असतं तरी खपलं असतं."

"मला नसतं खपलं."

बाईंनी माझी प्रत काढून घेतली. "यंत्र बिघडलं तर लपवणारं माणूस आम्हाला नको असतं," म्हणाल्या आणि मला हिच्या हातात परत दिलं.

आता मी हिच्या प्रमाणपत्रांच्या फाइलमध्ये आहे, पदवी आणि नेमणूकपत्राच्या मधोमध. आईनंच ठेवलं. माझं तेल नेमणूकपत्रालाही थोडं लागलंय. परवा बाबांनी ते पाहिलं. "मध्ये प्लास्टिक तरी घाला," एवढंच म्हणाले. मला काढून टाका, असं म्हणाले नाहीत.

त्या डब्याचे उपकार, त्या आईचे त्याहून जास्त. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर लाज वाटते तोवर लपवा हवं तर. पण फाडू नका. एक दिवस घरातलं कोणीतरी 'होय' लिहायला बसेल.