शेऱ्याचा रकाना

सरकारी नोकरी मिळाली की माणसानं आधी हात जोडावेत आणि मग कागद वाचावा, अशी बऱ्हाणपुरात रीत होती. मनकर्णानं कागद आधी वाचला आणि हात जोडायचे राहूनच गेले. बडे बाबू प्रभाकर यांचं डोकं फिरलं ते तिथंच.

साल सत्तावन्न. नवं राज्य होऊन अजून वर्षही भरलं नव्हतं. राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली आणि लोधीपुऱ्यातलं नगरपालिकेचं बाळंतघर सरकारनं आपल्याकडे घेतलं. खाटा आल्या, घंगाळं आली, तशी सुईणही आली. मनकर्णाच्या हातात पडलेल्या कागदावर मात्र लिहिलं होतं, 'नवीन नेमणूक, मुक्काम देडतलाई'.

नवीन! सव्वीस वर्षं अर्ध्या गावाच्या नाळा कापल्या, ती बाई नवीन. मनकर्णाचं वय शेहेचाळीस. पंचावन्नाव्या वर्षी सरकार घरी बसवणार आणि पेन्शनला दहा वर्षं लागणार. उरली होती नऊ. ऐन जवानीत विधवा झालेली, मागे मूल नाही की दीर नाही. जुनी वर्षं जोडली तर म्हातारपणी घरात चूल पेटणार होती. नाही जोडली तर दुसऱ्याच्या दारात बसायचं होतं.

"बाबूजी, हे नवीन कायले लिहिलं? मी एकतीस सालापासून आहे," ती म्हणाली.

"ते म्युनिसिपाल्टीचं काम होतं. हे सरकार आहे, बाई."

"बाळंतघर घेतल्याच्या हुकुमात तं लिहिलं आहे, पुरावा असंल तं जुनी नोकरी जोडा म्हनून. तुमच्या साहेबांनी वाचून दाखवलं मले."

प्रभाकरबाबूंनी चष्मा काढला. साहेबांचं नाव घेणारी माणसं त्यांना मुळीच आवडत नसत. "पुरावा असेल तर! तुमच्या नेमणुकीचा कागद नागपूरला गेला होता. नागपूरहून भोपाळला गेला असेल. जा, शोधून आणा. पण सही आजच पाहिजे. जसोंडीची एक पोरगी ट्रेनिंग घेऊन तयार बसली आहे."

मनकर्णा हलली नाही. मग बाबू जरा गोड झाले. देडतलाईला क्वार्टर देतो म्हणाले. वर्षाला दोन पांढऱ्या साड्या, धुलाईचा भत्ता वेगळा. "आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"क्वार्टर तं पंचावन्नले खाली करा लागंल. साड्या फाटून जातील. मले माझी सालं पाहिजेत."

"सौदा करता काय? केळीचा घड आहे का हा?"

"तुमी भाव पाडून राहिले, मी माझा सांगून राहिली. सौदाच झाला नं?"

शेजारच्या टेबलावरचा कारकून खुदकन हसला आणि बाबूंनी डोळे वटारताच फायलीत शिरला.

मनकर्णानं पिशवीतून जाड पुठ्ठ्याची वही काढून टेबलावर ठेवली. बाळंतघराचं जन्माचं रजिस्टर, पहिलं. मूल झालं की तारीख, आईबापाचं नाव, मुलगा की मुलगी, ठेवलेलं नाव, शेरा आणि खाली सुईणीची सही. एकतीस सालापासून प्रत्येक ओळीखाली तिची सही होती. वहीतलं पहिलंच मूल खुद्द बडे बाबूंच्या घरचं. ते वाचून माणूस जरा नरमेल, असा तिचा भाबडा हिशेब होता.

"वाचू तर खरं, काय लिहून ठेवलं आहे," म्हणत बाबूंनी टर उडवण्याच्या सुरात पहिली ओळ वाचायला घेतली. "चौदा ऑगस्ट एकोणीसशे एकतीस. बापाचं नाव..."

पुढचं त्यांनी मनातच वाचलं. चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी वही मिटली आणि दबक्या आवाजात विचारलं, "कोणी पाठवलं तुम्हाला? सुरेशच्या अर्जाचं कोणी सांगितलं?"

मनकर्णाला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण बोटं तिलाही मोजता येत होती. बाबूंच्या एकुलत्या एका मुलानं याच खात्यात अर्ज टाकल्याचं सगळं गाव बोलत होतं. वयाची अट पंचवीसची. एकतीसचं पोरगं सत्तावन्नात पंचविशीचं कसं राहिलं? शाळेत वय कमी लिहून!

"ही वही खोटी आहे," बाबू म्हणाले.

"कशी?"

बाबूंनी इकडेतिकडे पाहिलं. "म्हणजे, तो मुलगा गेला. आमचा सुरेश त्याच्या पाठचा. तेहेतीसचा."

मनकर्णाच्या अंगाची लाहीलाही झाली. तिच्या हातचं ते पहिलं बाळंतपण. पोर निळं पडलेलं, रडेना. तिनं त्याच्या तोंडाला तोंड लावून श्वास फुंकला होता. पोर रडलं तेव्हा बाळंतीण मालतीबाई तिचा हात सोडायला तयार नव्हती. आणि बाराव्या दिवशी? विधवेची सावली नको, म्हणून बारशाला बोलावलं नाही. घुगऱ्यांची वाटी मागच्या दारानं हातात आली. नाव काय ठेवलं, हे तिला कोणी सांगितलं नाही आणि तिनंही रागानं विचारलं नाही. वहीतला नावाचा रकाना तेव्हापासून कोरा होता.

आणि ते पोर आज बापानं मारून टाकलं. एका अर्जासाठी.

"गेला म्हनता?" ती म्हणाली. "मंग वही खोटी कशी? पोरगा झाला हे तं तुमीच कबूल केलं. फक्त शेरा लिहायचा राहिला." तिनं वही उघडून त्यांच्याकडे फिरवली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "मेल्या लेकराचा शेरा बापाच्या हातचा घ्यायची आमची पद्धत आहे. लिहा. मयत. तारीख टाका अन् खाली सही करा."

बाबूंनी टाक उचलला. दौतीत बुडवला. हात रकान्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला. सुरेश या वेळी घरी जेवायला बसला असेल. मालतीबाई त्याला पोळी वाढत असतील. टाकाच्या टोकावरून शाईचा थेंब शेऱ्याच्या रकान्यात पडला. बाबूंनी तो झटकन अंगठ्यानं पुसला, जणू तेवढ्यानंही काही होईल.

"लिहा नं," मनकर्णा म्हणाली. "आज शेवटचा दिस आहे म्हने."

बाबूंच्या कपाळावर घाम आला. त्यांनी वही दूर सारली आणि नेमणुकीचा कागद पुढे ओढला. 'नवीन' वर आडवी रेघ मारली. वर लिहिलं, 'दिनांक १४ ऑगस्ट १९३१ पासूनची नोकरी जोडावी. मूळ रजिस्टर पाहिले.' खाली सही केली. कागद तिच्याकडे भिरकावताना त्यांनी तिच्या तोंडाकडेही पाहिलं नाही.

मनकर्णानं कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग सही केली. वही पिशवीत घातली.

"आता जा," बाबू दात खात म्हणाले. "सांगत सुटा गावभर, तो सुरेशच म्हणून."

मनकर्णा दारापाशी थांबली.

"मी कशी सांगू, बाबूजी? नाव ठेवलं त्या दिवशी मले कुठं बोलावलं होतं?"