लाल बटणावरची टेप

पोरगी दीड वर्षाची, पण बोटं चोराची. बोट धक्क्याला बांधलेली असताना बापाच्या मांडीवर बसून तिने रेडिओच्या लाल बटणावरचं झाकण उचललं आणि बटण असं दाबून धरलं, जणू त्यातून दूधच येणार होतं. क्षणात आसपासच्या सगळ्या बोटींचे रेडिओ केकाटले: अमुक बोट संकटात, अमुक ठिकाणी, धावा! माणसं धावली. बघतात तर बोट जागच्या जागी, आणि संकट बापाच्या मांडीवर टाळ्या पिटतंय.

बंदराची हसून हसून मुरकुंडी वळली. पोरीच्या आजोबांना, आबांना मात्र हसू आलं नाही. उभा जन्म समुद्रावर काढून त्यांनी कधी कुणाला मदतीची हाक मारली नव्हती. आता जो तो विचारायचा, "काय आबा, आज नात कुणाला बुडवणार?"

त्यानंतरच्या आठवड्यातली सकाळ. सून पोरीला भरवत होती, आबा दारात जाळं सांधत होते. बोटीशी बोलायचा रेडिओ घरात फ्रीजवर असायचा; त्यातून समुद्रावर गेलेल्या तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "इंजिन जरा खोकतंय. वाराही वाढलाय. परत फिरतो. ओव्हर."

त्याचं 'जरा' तिला चांगलं ठाऊक होतं. स्वतःलाच समजावल्यासारखं ती म्हणाली, "काही झालंच तर लाल बटण आहे."

आबांचा हात जाळ्यात थांबला. "ते दाबता नाही येणार."

"म्हणजे?"

"झाकणावर टेप लावलीय मी. चांगली करकचून. म्हटलं, पोरीने पुन्हा..."

घास तिच्या हातातच राहिला. ओरडायला तोंड उघडलं, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून ते तसंच मिटलं. "आबा, त्याला सांगायला हवं."

"सांग की."

"सगळं बंदर ऐकतंय."

रेडिओवर कानात सांगायची सोय नसते. तिने माईक उचलला. कुणी लावली हे न सांगता कसं सांगावं, याची जुळवाजुळव करत होती, तोवर आबांनी तो तिच्या हातातून काढून घेतला. अंगठा दाबला. आधी नुसता त्यांचा श्वासच गेला.

"आबा बोलतोय. लाल बटणावर टेप मीच लावलीय. चूक झाली. आत्ताच्या आत्ता काढ. ओव्हर."

"मला वाटलं, झाकण मोडलंय म्हणून कुणी चिकटवलीय. थांबा... आबा, निघत नाहीये. हात ओले आहेत, टोकच सापडत नाही."

"सुरी घे की!" सून मागून ओरडली. आबांनी माईक घट्ट धरला. "सीटखाली सुरी आहे. बाजूने चीर दे, बटणाला लावू नकोस."

रेडिओ नुसताच खरखरत राहिला. पोरीने चमचा आपटला. सुनेने तो हळूच काढून घेतला.

"निघाली!"

तेवढ्यात दुसराच आवाज आला, "आबा, तुमच्या नातीच्या धसक्याने आम्हीपण लावलीय. काढतो."

"आम्ही तर सुतळीने बांधलंय," तिसरा म्हणाला.

दुपारी फ्रीजवरचा रेडिओ केकाटला. या वेळी कुणी हसलं नाही. इंजिन बंद पडलं होतं, वारा बोटीला खडकांकडे ढकलत होता. जवळची बोट रेडिओवर आलेलं ठिकाण बघून सरळ तिच्यापाशी गेली आणि दोर टाकून तिला ओढत आणली.

धक्क्यावर नवरा उतरला तो नखशिखांत भिजलेला. सून पोरीला कडेवर घेऊन पुढे झाली. आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि लहानपणी पुसत तसं लेकाचं डोकं खसाखसा पुसू लागले.

"हळू, आबा, कान तुटतील!"

ओढून आणणाऱ्या बोटीवरून कुणीतरी हाळी दिली, "काय आबा, आज नात नव्हती बोटीवर?"

"नव्हती," आबा म्हणाले. पुसायचं थांबले नाहीत. "आज लेक होता."

आणि पोरीने बटण दाबलं त्या दिवसानंतर पहिल्यांदाच हसले.