दुसरी धुलाई

वापर
(सुरुवात इथूनच, कारण घोडं इथे अडलं होतं.)

"म्हणजे माझी सुती चादर गुन्हेगार, आणि ती वापरून फेकायची कागदी चादर साळसूद?"

"मी म्हटलं का तसं, ताई? आकडा म्हणतोय."

"मग आकड्यालाच पाठवायचं. तू कशाला आलीस?"

धाकटीने चष्म्यावरची वाफ पुसली. अखेरच्या आजारातल्या माणसांसाठी असलेल्या या रुग्णालयाचं धुलाईघर ताई सांभाळत होती. चादर कापसापासून राखेपर्यंत पर्यावरणाला किती महाग पडते, हे मोजणं धाकटीचं काम. कागदी चादर स्वस्त पडली, तर धुलाईघराला कुलूप लागणार होतं. आपली बहीण तिथे आहे हे तिने ऑफिसातल्या साहेबांना आधीच सांगितलं होतं. "आकडे कुणाचे नातेवाईक नसतात," साहेब म्हणाले होते.

"ताई, पाणी तापवायला तुझ्याकडे वाफ फार जाते. इतक्या चादरींना इतकी लागायलाच नको. कुठे गळतंय का?"

ताईने घड्या घालायचं थांबवलं नाही. "गळत नाही काही. गाठीच्या चादरी आम्ही दोनदा धुतो."

"गाठीच्या?"

"माणूस गेलं की नर्सबाई चादरीच्या कोपऱ्याला गाठ मारून पाठवते. पहिली धुलाई जंतूंसाठी."

"जंतू पहिल्याच धुलाईत मरतात, अगं!"

"ठाऊक आहे. आम्हाला काय अडाणी समजतेस? उद्या त्याच चादरीवर दुसरं कुणी झोपणार. आधीच्याचं मरण त्याच्या अंगाखाली कशाला? म्हणून दुसरी."

कच्चा माल
कापूस, शेताचं पाणी, सूत, माग. हे सगळं धाकटीने हिशोबात धरलं होतं. आई गेल्यावर ताईने शाळा सोडून इथे इस्त्रीचं काम धरलं आणि धाकटीला शिकवलं, हे धरायचं नसतं. माणसाची मेहनत हिशोबाच्या सीमेबाहेर ठेवायची, अशी या कामाची रीत आहे.

पुन्हा वापर
धाकटीने तिथेच स्टुलावर बसून दुसरी धुलाई वगळून पाहिली. सुती चादर कागदीला मागे टाकून पुढे गेली. थोडक्यात, पण गेली.

"ताई, दुसरी बंद कर. धुलाईघर वाचतंय."

"केली बंद. लिही."

"लिहून भागत नाही गं. मीटर खरं सांगतं. खरोखर बंद करावी लागेल."

मशीन घरघरत होतं. इस्त्रीवरच्या बायका मान खाली घालून ऐकत होत्या. त्यांच्यातल्या एकीने न राहवून विचारलं, "आणि नाही केली तर?"

"तर कागदी येतील," ताईच म्हणाली. "आणि आपण घरी." बायकांकडे न बघता तिने हातातली घडी पुरी केली. "एकदाच धुवायचं. आजपासून."

सीमेबाहेर
पुढच्या आठवड्यात धाकटी मीटर बघायला आली. वाफ उतरली होती. सगळं जमलं होतं, तरी तिला हायसं वाटेना. ताई जागेवर नव्हती.

"मागे आहे," इस्त्रीवरची म्हणाली आणि पटकन नजर वळवली.

मागच्या अंगणातल्या हौदापाशी ताई उकिडवी बसली होती. मशीनमधून निघालेली गाठीची चादर ती गार पाण्यात खळबळत होती. बोटं सुजून लाल झाली होती. बाजूला बादलीत तसल्याच आणखी चादरी पडल्या होत्या.

"ताई! या वयात? गार पाण्यात?"

"वाफ नाही वापरत मी."

"पाणीही धरावं लागतं."

"मग धर की. कोण नको म्हणतंय?"

धाकटीने हौदाचं पाणी मापून लिहिलं. आकडा हलला, पण उलटला नाही. वही तिने कठड्यावर ठेवली. ताई चादर पिळायला गेली, पण मनगटाने साथ दिली नाही. चादर पुन्हा पाण्यात पडली.

"ही काल कुणाची होती?" धाकटीने विचारलं.

"ते नाही विचारत आम्ही."

धाकटीने बाह्या वर सारल्या, चादरीचं दुसरं टोक धरलं आणि उलट्या बाजूने पीळ दिला.