महादेवाजवळची डबी

ही गोष्ट दोन हजार बावीस सालच्या चैत्रातली. ईट गावाच्या पलीकडं माळावर वीरप्पा शेठचा फटाक्यांचा कारखाना होता. एकमेकींपासून लांब लांब बांधलेल्या बुटक्या खोल्या आणि मधे तापलेलं रान. तीन नंबरच्या खोलीत बायका फटाक्यांत मसाला, म्हणजे दारू, भरत. त्यांच्यावर देखरेख प्रेमाबाईची.

तिच्या डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली होती. नवी नवरी असताना एकदा मसाल्यानं पेट घेतला, त्याची ती खूण. कोरड्या हवेत लुगड्यात वीज साठते आणि तेवढीही मसाला पेटायला पुरते, हे तिला फार पुढं कळलं. त्या काळी खोलीऐवजी पत्र्याची पडवी होती आणि हवेकडं कुणी बघत नव्हतं.

बोटांचं तिला आता काही वाटत नसे. घोर होता तो सुनेचा. शिवरंजनी तिच्यासमोरच्याच पाटावर बसायची. मुलगा ट्रकवर, महिना महिना बाहेर.

"धाराशिवला तुझी बहीण हाय, जा तिकडं. शिवण शीक," प्रेमाबाई म्हणायची.

"तुमाला एकटीला टाकून? चला मग तुमी बी." सासूला ती आत्या म्हणायची. "आत्या, तुमी हाय तवर मी हाय."

दोन वर्षं हेच बोलणं चाललं होतं. सांगून सांगून प्रेमाबाई थकली होती.

त्या साली शेठच्या मुलानं, श्रीशैलनं, प्रत्येक खोलीसाठी हवेतला ओलावा मोजणारी डबी आणली. ती बसवायला धाराशिवहून उत्कर्ष नावाचा इंजिनिअर आला.

"हिच्यातून ठिणगी पडत नाही, म्हणून आत चालते. मोबाइल मात्र बाहेरच ठेवायचे."

"तार कुठाय हिची?" शेजारच्या पाटावरच्या गजराबाईनं विचारलं.

"तार लागत नाही. इथला आकडा आपोआप ऑफिसात जातो."

"म्हंजी चहाडखोर हाय की."

बायका हसल्या. उत्कर्षही हसला. ओलावा कमी झाला की लाल दिवा लागेल, मग काम थांबवून बाहेर यायचं, फरशीवर पाणी मारायचं, असं सांगून त्यानं डबी पाटांच्या वरच्या खिळ्याला अडकवली आणि तो गेला.

रोज दुपारी दिवा लाल व्हायचा. बायका उन्हात उभ्या राहायच्या आणि राहिलेलं काम दिवस मावळेस्तोवर उरकायच्या. प्रेमाबाईच्या गुडघ्यांना ते सोसेना. शिवाय खिळ्यावरची डबी मसाल्यात पडली तर, ही धास्ती. एका सकाळी तिनं ती काढली आणि दाराशेजारच्या देवळीत महादेवाच्या पिंडीला टेकवून ठेवली. हलकी, कुठंही नेता येणारी वस्तू. देवाजवळ तिला कोण धक्का लावणार?

चैत्र लागला होता. पिंडीवर गळती टांगली होती, तांब्याच्या भांड्याच्या भोकातून थेंब थेंब पाणी देवावर पडत होतं.

त्या दिवसापासून लाल दिवा लागला नाही.

"देवापाशी बसून शहाणी झाली बघा," गजराबाई म्हणाली.

प्रेमाबाईला बरं वाटलं. का लागत नाही, हे विचारायचं त्राण तिच्यात नव्हतं.

पुढच्या आठवड्यात माळावरून झळा सुटल्या. शिवरंजनी हात झटकत म्हणाली, "आत्या, पदर अंगाला चिकटतोय. केस बी उभं राहत्यात."

प्रेमाबाईनं देवळीकडं पाहिलं. आकडा चांगला होता. "बस गप. डबी बघ की."

थोड्या वेळानं श्रीशैल शेजारच्या खोलीतली डबी हातात घेऊन दारात आला. बाकी सगळ्या खोल्यांत दिवे लाल होते, तीन नंबरच तेवढा ओला कसा, म्हणून तो बघायला आला होता. त्यानं हातातली डबी पाटाजवळ धरली. दिवा लालच राहिला.

"सगळ्या बाहेर चला," तो हळूच म्हणाला. "पळू नका. पदर झटकू नका."

बायका एकेक करून निघाल्या. शिवरंजनी सगळ्यात आत होती, म्हणून सगळ्यात शेवटी आली. ती उंबरा ओलांडेपर्यंत प्रेमाबाई दाराशीच थांबली.

काही पेटलं नाही. श्रीशैलनं देवळीतली डबी उचलली. गळतीच्या थेंबांनी तिची पाठ ओली होती.

"कुणी ठेवली ही इथं?"

प्रेमाबाईनं तोंड उघडलं, तेवढ्यात शिवरंजनी म्हणाली, "मी ठेवली."

"तुम्ही उद्यापासून येऊ नका," श्रीशैल तिला म्हणाला. "सात जणींचा जीव होता आत."

खरं सांगायला तेवढाच क्षण होता. प्रेमाबाईनं सुनेचे हात पाहिले. कोपरापर्यंत चंदेरी पावडर, आणि सगळी बोटं सुटी, धड. तिनं तोंड मिटलं.

घरी जाताना सून म्हणाली, "मला वाटलं, तुमी बोलाल."

"न्हाय बोलले."

"का?"

"दमले गं," प्रेमाबाई म्हणाली.

शिवरंजनी त्याच महिन्यात धाराशिवला बहिणीकडं गेली. शिवण शिकली, आता बाजारात तिचं छोटं दुकान आहे. नवराही ट्रक सोडून तिकडंच राहिला. सासूनं स्वतःचं काम वाचवलं असंच ती समजते, आणि सणावाराला रीतीपुरता फोन करते. उत्कर्षनं नोकरी सोडली, तो कॉलेजात शिकवतो. गजराबाई माकणीला लेकीकडं गेली. श्रीशैलनं डब्या पाटांच्या उंचीला साखळीनं बांधून टाकल्या. वीरप्पा शेठ मागच्या वर्षी वारले.

प्रेमाबाईनं आणखी दोन हंगाम काम केलं. मग गुडघे साफच बसले, तशी ती ईटमध्येच राहिली. त्या दिवशी तोंड का मिटलं, हे सुनेला तिनं अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती न्यायला येईल, आणि आता कुठं जायची प्रेमाबाईची इच्छा नाही.