एका शब्दाचे कूळ

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड कोश आहे. अर्थ सांगणारे कोश पुष्कळ असतात. मी इंग्रजी शब्दांची कुळे सांगतो. कोणता शब्द कोणत्या भाषेतून आला, ते माझ्या पोटात बारीक अक्षरांत छापलेले आहे.

छापखान्यातून निघालो तेव्हा माझी काय ऐट होती! ग्रंथालयात मला वेगळे तिरके टेबल होते. विद्वान माणसे वाकून वाचायची. पुढे प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि माझ्याकडे कुणी ढुंकून बघेना. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला जमिनीवर टेकवून ठेवू लागले. फार लागले हो मनाला! शेवटी एका बुकबाइंडरने मला उचलले, पाठ नव्याने शिवली आणि घरी नेले.

घरात तो आणि त्याची दत्तक मुलगी बिट्टी, दोघेच. "बाबा, बाबा" करून ती त्याला भंडावून सोडायची. एकदा त्याची बहीण आली आणि बिट्टीसमोरच म्हणाली, "दादा, दुकान हिच्या नावावर करतोयस? अरे, शेवटी ऑर्फन ती!" पोरांना कळू नये असे काही बोलायचे झाले की मोठी माणसे इंग्रजीत शिरतात.

आत्या निघून गेल्यावर बिट्टीने मला उघडले. 'ऑर्फन'च्या पहिल्याच ओळीत अर्थ सापडला: आईबाप गमावलेले मूल. मला तेव्हा पान मिटून घेता आले असते तर! पण पुस्तकाला कुठले हात? त्या दिवसापासून तिने "बाबा" म्हणणेच सोडले. जेवायला बोलावतानाही नुसते "वाढलंय," एवढेच म्हणायची. बाइंडर अर्ध्या ताटावरून उठू लागला.

मग एका सकाळी त्याला मी तसाच, त्याच पानावर उघडा दिसलो. सगळे ध्यानात आले. त्याने तिला शेजारी बसवले.

"पहिल्याच ओळीवर थांबलीस होय? पुढे वाच."

अडलेल्या शब्दांना तो मदत करत होता, ती रडवेल्या आवाजात वाचत होती. इंग्रजीत हा शब्द लॅटिनमधून आला, लॅटिनमध्ये ग्रीकमधून. त्याच्याही मागे कुणी लिहून न ठेवलेली एक भाषा. एका हातातून दुसऱ्या हातात जाणे, असा काहीसा तिथला अर्थ असावा, असे जाणकार म्हणतात. त्याच मुळातून संस्कृतातला 'अर्भ' आला, म्हणजे आपले अर्भक. आणि जर्मनमधला 'एर्बे'.

"एर्बे म्हणजे..." ती अडखळली. "वारसा. वारसदारसुद्धा."

"एकाच कुळातले गं हे सगळे." त्याने तिचे बोट त्या शब्दांवरून फिरवले. "पण ऐक. तू माझ्या हातात आलीस ना, त्या दिवसापासून हे घर तुझं आहे. कोशात नसतं लिहिलेलं, तरी असतंच."

ती त्याच्याजवळ सरकली.

"आत्याला हे माहीतच नाही का, बाबा?"

"आत्याने कोश उघडलाय कधी?" असे म्हणता म्हणता त्याने डोळे पुसले.

मित्रांनो, कुणी एखादा शब्द तुमच्या अंगावर फेकला, तर त्याच्या पहिल्या ओळीवर थांबू नका. आणि उद्या मोठे झालात की एवढे करा: मुलासमोर काही बोलण्याआधी, त्याला वाचता येते, हे आठवा.